जुन्या वाद्याचा भाव : लाकडाचा की पुराव्याचा?



कापडाच्या धंद्यात आम्ही पहिला धडा शिकलो तो असा की, थानाचा भाव विचारण्याआधी त्याचा काठ पाहावा. काठावर मिलचा छाप असेल तर एक भाव, नसेल तर दुसरा. सूत तेच असले तरी खात्री नसते. जुन्या वाद्यांच्या बाजारातही हाच नियम चालतो, हे मात्र आम्हाला नुकसान सोसून कळले.

काही वर्षांपूर्वी चिंचवडच्या एका घरातून आम्ही जुना तंबोरा विकत घेतला. दुकानाला शोभा यावी म्हणून तो घासून नवे पॉलिश करवून घेतले. मागच्या बाजूला चिकटलेला पिवळा कागदही खरवडून काढला. पुढे एक जाणकार गायक दुकानात आले. त्यांनी पहिला प्रश्न केला, "कारागिराची चिठ्ठी कुठे आहे?" आम्ही गप्प राहिलो. चमक आणण्याच्या नादात आम्ही वाद्याचा जन्मदाखलाच फाडला होता.

आता दूरचे एक उदाहरण पाहू. इंग्लंडच्या बीटल्स या रॉक वाद्यवृंदातील पॉल मॅकार्टनी हे डावखुरे वादक. त्यांनी १९६१ साली जर्मनीतील हॅम्बुर्ग शहरात हॉफनर कंपनीचे, व्हायोलिनच्या आकाराचे बेस गिटार सुमारे ३० पौंडांना घेतले. बेस गिटार म्हणजे खर्जाचा आवाज देणारे, बहुधा चार तारांचे गिटार. १९६४ मध्ये त्याची दुरुस्ती झाली, रंग नव्याने दिला गेला आणि आवाज टिपणारे दोन्ही भाग एकाच लाकडी चौकटीत बसवले गेले. ऑक्टोबर १९७२ मध्ये लंडनमध्ये एका गाडीतून ते चोरीला गेले. पन्नास वर्षांनी, २०२३ मध्ये, ते एका घराच्या माळ्यावर असल्याचे कळले. हॉफनर कंपनीने तपासून ते अस्सल असल्याची खात्री दिली आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये ही बातमी जाहीर झाली. डिसेंबर २०२४ मध्ये मॅकार्टनींनी लंडनच्या रंगमंचावर ते पुन्हा वाजवले.

येथे धडा असा : दुरुस्ती हा दोष नाही, नोंद नसलेली दुरुस्ती हा दोष आहे. त्या गिटारातील बदल जुन्या छायाचित्रांत दिसतात, म्हणून ते ओळखीची खूण ठरले. आमच्या पॉलिशची मात्र कुठेच नोंद नव्हती.

अशा खात्रीला पैसाही मिळतो. रोलिंग स्टोन्सचे बिल वायमन यांचे १९६९ सालचे बेस गिटार २०२० मध्ये अमेरिकेतील लिलावात ३ लाख ८४ हजार डॉलरला गेले. ही किंमत लाकडाची नव्हे, ते कोणी वाजवले याच्या पुराव्याची होती.

आपल्याकडे मिरजेत शिकलगार घराण्यांनी हत्यारांचे काम सोडून सतार-तंबोरे घडवायला घेतले. फरीदसाहेब सतारमेकर यांचे नाव त्यात आदराने घेतले जाते. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. पण मानांकन गावाची खात्री देते. वाद्य कोणत्या हाताने, कोणत्या साली घडवले, ते कारागिरानेच लिहून ठेवले पाहिजे. चाकणच्या कारखान्यांत गाडीच्या सुट्या भागावर बॅच नंबर असतो. मग उस्तादाच्या हातच्या कामावर नाव का नसावे?

म्हणून चार गोष्टी ध्यानात ठेवाव्यात :

१. नव्या वाद्यावर नाव, गाव, साल व क्रमांक घालावा आणि तोच क्रमांक वहीत नोंदवावा.

२. जुन्या वाद्याला हात लावण्यापूर्वी सर्व बाजूंनी फोटो काढावेत. चिठ्ठी, शिक्का, काढलेला जुना भाग फेकू नये.

३. विकणाऱ्याकडून मालकीचा लेखी पुरावा घ्यावा. १९३० च्या मालविक्री कायद्याचा साधारण नियम असा की, ज्याच्याकडे मालकी नाही तो मालकी देऊ शकत नाही.

४. शंभर वर्षांहून जुनी पुरावस्तू खासगी व्यक्तीला परदेशी पाठवता येत नाही. १९७२ चा पुरावस्तू कायदा ते रोखतो. वयाबद्दल शंका असेल तर आधी पुरातत्त्व विभागाकडून दाखला घ्यावा.

तो तंबोरा आजही आमच्या दुकानात आहे. चमक उत्तम आहे, पण त्याच्या कारागिराचे नाव विचारले तर आमच्याकडे उत्तर नाही.