ऊन पाणी आणि मीटर

रायगड जिल्ह्यात समुद्राकाठी दिवेआगर नावाचे गाव आहे. तिथे नारळी-पोफळीच्या वाड्या आहेत. वाडीतच घर, आणि घराला लागून पाहुण्यांच्या खोल्या. मुंबई-पुण्याचे पाहुणे येतात, समुद्र बघतात, मोदक खातात आणि परत जातात. यावर कितीतरी घरे चालतात.

३ जून २०२० रोजी 'निसर्ग' नावाचे चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. पोफळी मोडल्या. नारळ उन्मळून पडले. नव्या पोफळीला फळ धरायला पाच-सात वर्षे लागतात. तोवर घर खोल्यांवरच चालवायचे. मग खोल्यांचा खर्च वाढून कसे चालेल?

अशा एका घराचे उदाहरण घेऊ. चार खोल्या, आठ पाहुणे. प्रत्येक न्हाणीघरात गीझर आहे.

मुलगा म्हणाला, "आई, आता सगळ्या खोल्यांत एसी लावू. नाहीतर पाहुणे दुसरीकडे जातील."

आई म्हणाली, "लाव बाबा. पण आधी मीटर बघू."

आई साक्षरता वर्गात आकडे शिकली होती. ती रोज संध्याकाळी मीटरचा आकडा वहीत लिहू लागली. आजच्या आकड्यातून कालचा आकडा वजा केला, की दिवसाचे युनिट कळतात. पाहुणे असले की आकडा एकदम वाढे. दिवे तर तेवढेच होते. मग वीज जाते कुठे?

सुनेने हिशोब केला. "आई, बघा. तीन बादल्या पाणी अंघोळीपुरते तापवायला सुमारे एक युनिट लागते. आठ बादल्यांना जवळजवळ तीन युनिट. शंभर दिवस खोल्या भरल्या, तर तीनशे युनिट नुसत्या अंघोळीला!"

ही वीज येते कुठून? आपल्याकडची बरीचशी वीज कोळसा जाळून होते. चंद्रपूरला, कोराडीला अशी मोठी केंद्रे आहेत. कोळसा जळला की कर्बवायू निघतो. तो डोळ्यांना दिसत नाही. एका युनिटमागे तो सुमारे सातशे ग्रॅम निघतो. तीनशे युनिटांचा झाला दोनशे किलोच्या वर. हा वायू पृथ्वीभोवती गोधडीसारखा साचतो. उष्णता आत कोंडते. समुद्रही तापतो. एखादे वादळ का आले, याचे एकच कारण सांगता येत नाही. पण तापलेल्या समुद्रावर वादळाला जोर मिळतो, हे खरे.

मुलगा म्हणाला, "म्हणजे पाहुण्यांना गार पाण्याने अंघोळ घालायची?"

"नाही रे," आई म्हणाली. "ऊन पाणी द्यायचंच. पण ऊन आपल्या दारात फुकट पडतं, ते वापरू."

त्यांनी छपरावर सूर्यबंब बसवला. दिवसा पाणी तापते. टाकीला जाड वेष्टन असते, म्हणून सकाळपर्यंत ते ऊन राहते. पावसाळ्यात ढग असले, की परसातला जुना बंब पेटवायचा. त्यात वाडीतल्याच वाळक्या झावळ्या आणि नारळाची सोडणे घालायची. झाडाने हवेतून घेतलेला कर्ब तेवढा परत हवेत जातो. नवे झाड लावले, की ते तो पुन्हा ओढून घेते. मात्र धूर छातीला वाईट. म्हणून बंब घराबाहेर, उघड्यावर हवा.

आता एसीचे काय? एक एसी रात्रभर चालला, तर सहा ते आठ युनिट खातो. साध्या पंख्याला रात्रभरात पाऊण युनिटही लागत नाही. शेवटी घरच्यांनी एकाच खोलीत एसी लावला. ज्याला हवा, त्याने जादा पैसे द्यायचे. तो २६ अंशांवर ठेवायचा. एक अंश वर ठेवला, की सुमारे सहा टक्के वीज वाचते. बाकीच्या खोल्यांना पोफळीची सावली परत मिळावी, म्हणून वाडीत नवी रोपे लावली.

पाहुणे तुटले नाहीत. त्यांना अंघोळीला ऊन पाणी मिळाले, जेवायला गरम भात मिळाला. वहीतला आकडा मात्र उतरला.

तुमच्याकडे पाहुण्यांच्या खोल्या नसतीलही. पण मीटर तर आहे ना? मग एवढे करा:

१. रोज ठरावीक वेळी मीटरचा आकडा लिहा.
२. पाणी तापले, की गीझर लगेच बंद करा.
३. जुना साठ वॅटचा बल्ब काढा. नऊ वॅटचा एलईडी दिवा तेवढाच उजेड देतो.
४. नवे यंत्र घेताना त्यावरचे तारे मोजा. एकाच मापाच्या यंत्रांत जास्त तारे म्हणजे कमी वीज.

सांगा पाहू

१. काल मीटरवर ४३१२ आकडा होता. आज ४३२१ आहे. किती युनिट जळले?
२. तेवढ्या विजेमागे कर्बवायू सुमारे किती निघाला?
३. तुमच्या घरी पाणी कशावर तापते? खर्च कमी कसा कराल?

नवे शब्द

युनिट – वीज मोजण्याचे माप.
कर्बवायू – कोळसा, तेल, लाकूड जळताना निघणारा वायू.
सूर्यबंब – उन्हावर पाणी तापवण्याचे साधन.