चिल्लरीतलं चुकीचं नाणं: तपासायला किती, विकायला किती?

सुट्ट्या पैशांत एखादं नाणं वेगळं दिसलं की कितीला जाईल, हेच आधी मनात येतं. पण त्याआधी ते टाकसाळीत बिघडलं की बाहेर, हे ठरवायला हवं. घरच्या घरी हे काम हजाराच्या आत होतं. दहापट मोठं दाखवणारं भिंग साधारण दोन-तीनशेला, छोटा डिजिटल काटा तीन ते पाचशेला मिळतो. २०१९ च्या नव्या मालिकेआधीचं पाचाचं पितळी नाणं ६ ग्रॅम भरतं, दहाचं दोन धातूंचं ७.७१ ग्रॅम. एक-दोन रुपयांची स्टीलची नाणी चुंबकाला चिकटतात, पाचाचं पितळी चिकटत नाही.

संग्राहक ज्याला ‘लाखी’ म्हणतात, ते सगळ्यांना हवं असतं. आधीचं नाणं ठशाला चिकटून राहतं. मग पुढच्या चकतीवर एका बाजूला नेहमीचं उठावाचं चित्र येतं आणि दुसऱ्या बाजूला तेच चित्र उलटं, खोलगट उमटतं. दोन नाणी व्हाइसमध्ये दाबूनही असा माल बनवतात. त्यात खोलगट चित्राखाली मूळ छाप्याचे अवशेष भिंगातून दिसतात. कड कापलेल्या नाण्याचंही तसंच. चकतीच अर्धवट कापली गेली असेल, तर कापाच्या बरोबर समोरची कडही बहुधा पुसट असते. ती ठणठणीत असेल तर कानशीचा संशय घ्या.

फिरलेला ठसा पाहायला काहीच खर्च नाही. नाणं उभं धरून डावीकडून उजवीकडे वळवा, दोन्ही बाजू सरळ दिसायला हव्यात. थोडा कल बऱ्याच नाण्यांत असतो, त्याला कुणी जास्त देत नाही. मागची बाजू पूर्ण उलटी असेल तर जपून ठेवा.

सालाखाली टाकसाळीची खूण नाही म्हणून नाणं दुर्मीळ ठरत नाही, ते कोलकात्याचं असतं. मुंबईची खूण चौकट, हैदराबादची तारा, नोएडाची टिंब. ₹ चिन्ह नसलेलं दहाचं नाणंही चुकीचं नव्हे. दहाची १४ प्रकारची नाणी वैध असल्याचं रिझर्व्ह बँकेनं जानेवारी २०१८ मध्ये सांगितलं आहे. २०१२ चं वैष्णोदेवीचं पाच रुपयांचं नाणं लाखांना जातं, ही निव्वळ अफवा.

नाणं खरं वाटलं तर पितांबरी किंवा चिंच लावू नका, किंमत पडते. काही रुपयांच्या पाकिटात ठेवा. पुण्याच्या ‘कॉइनेक्स’सारख्या प्रदर्शनात दोन-तीन व्यापाऱ्यांकडून भाव घ्या. लिलावाला देणार असाल तर कमिशन लेखी मागा. परदेशी संस्थेकडून प्रमाणपत्र घ्यायचं तर टपाल आणि विमा धरून हजारोंचा खर्च येतो. नाण्याला या खर्चाच्या कित्येक पट भाव मिळणार असेल तरच त्या वाटेला जा.

नाणं विकून देतो म्हणत नोंदणी फी, जीएसटी, कमिशन अशा नावाखाली कुणी आधी पैसे मागितले तर एक रुपयाही पाठवू नका. जुन्या नाण्यांच्या व्यवहारांशी आपला संबंध नाही आणि त्यासाठी आपण कसलंही शुल्क घेत नाही, असा इशारा रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२१ मध्येच दिला आहे. पैसे गेलेच असतील तर लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या मदत क्रमांकावर फोन करून तक्रार नोंदवा.