सातबारा शोधणारा माणूस काय टाइप करतो? एसईओ आणि ॲनालिटिक्समधील करिअर

शोधयंत्राला एखादी वेबसाइट नीट वाचता यावी आणि शोधणाऱ्याला हवे तेच पान सापडावे, यासाठी तिचा मजकूर, मांडणी आणि तांत्रिक बाजू सुधारण्याच्या कामाला सर्च इंजिन ऑप्टिमायझेशन, म्हणजेच एसईओ म्हणतात. माणसे साइटवर आल्यावर काय वाचतात, कुठे थांबतात, कुठून परत फिरतात याच्या नोंदी ठेवून त्यांचा अर्थ लावणे म्हणजे वेब ॲनालिटिक्स. नोकरीच्या जाहिरातींत ही दोन नावे वेगळी दिसली, तरी एकाशिवाय दुसरे काम अर्धवट राहते. पैसे भरून जाहिरात वर आणणे हे मात्र वेगळे काम आहे. एसईओत ज्या निकालांसाठी गूगलला पैसे द्यावे लागत नाहीत, त्यांचाच विचार होतो.

शोधयंत्राचे काम तीन टप्प्यांत चालते. त्याचे बॉट एका दुव्यावरून दुसऱ्या दुव्यावर जात पाने वाचतात, वाचलेल्या पानांची सूची तयार होते आणि कोणी काही विचारले की त्या सूचीतून उत्तरे निवडून त्यांचा क्रम लावला जातो. लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी १९९८ मध्ये गूगल सुरू केले, तेव्हा त्यांचा मुख्य विचार असा होता की एका पानाने दुसऱ्याला दिलेला दुवा हे त्याच्या बाजूने पडलेले एक मत आहे. मग मते विकत घेण्याचा धंदा सुरू झाला. दुवे विकले जाऊ लागले, एकच शब्द पानात पन्नास वेळा कोंबला जाऊ लागला. गूगलने २०११ मध्ये ‘पांडा’ या बदलाने निकृष्ट मजकुराची आणि २०१२ मध्ये ‘पेंग्विन’ने बनावट दुव्यांची पाने खाली ढकलली. तेव्हापासून युक्त्यांवर उभे असलेले काम टिकेनासे झाले.

युक्त्या बाजूला ठेवल्या की या कामाचा गाभा उरतो, तो म्हणजे शोधणाऱ्याची भाषा ओळखणे. सातबाऱ्याचे उदाहरण घेण्याजोगे आहे. सरकारी कागदात त्याला ‘गाव नमुना सात’ आणि ‘गाव नमुना बारा’ म्हणतात. मोबाइल हातात घेतलेला माणूस ‘सातबारा’, ‘७/१२ उतारा’, रोमन अक्षरांत ‘satbara’, किंवा नुसते आकडे आणि गावाचे नाव असे काहीही टाइप करतो. कोणी ऱ्हस्व-दीर्घाची गल्लत करतो, कोणी बोलून शोधतो. कापसावरच्या अळीचेही तसेच. पुस्तिकेत ‘गुलाबी बोंडअळीचे एकात्मिक व्यवस्थापन’ असे लिहिलेले असते, शेतकरी मात्र ‘बोंडअळीवर कोणते औषध मारावे’ असे विचारतो. पुस्तिकेतली माहिती त्याच्या प्रश्नापर्यंत नेऊन पोचवणे हे एसईओ करणाऱ्याचे काम आहे आणि त्यासाठी संगणकाइतकाच भाषेचा कान लागतो.

म्हणूनच ‘सायन्स घेतले नाही, आता जमेल का?’ या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी आहे. मजकुराच्या बाजूला कला शाखेचा, वाचन असलेला विद्यार्थी चांगला रमतो. तांत्रिक बाजूला एचटीएमएल, थोडी जावास्क्रिप्ट, पान उघडण्याचा वेग आणि सर्व्हरच्या नोंदी समजाव्या लागतात. ॲनालिटिक्सकडे वळणाऱ्याला स्प्रेडशीट सफाईने वापरता यायला हवी, संख्याशास्त्राची प्राथमिक समज हवी आणि पुढे एसक्यूएल शिकावे लागते. पदवी मात्र पूर्ण करावी. कोणत्या विषयाची हे गौण असले, तरी बारावीनंतर शिक्षण सोडून केवळ तीन महिन्यांच्या कोर्सवर विसंबणे धोक्याचे आहे.

मराठीसाठी या क्षेत्रात करण्यासारखे बरेच आहे. युनिकोडपूर्व फाँटमध्ये टाइप केलेला मजकूर डोळ्यांना मराठी दिसतो, पण शोधयंत्राला तो रोमन अक्षरांची निरर्थक माळ वाटतो. छायाचित्र म्हणून चढवलेल्या पत्रिका आणि परिपत्रकांचीही अशीच अडचण होते. असा मजकूर युनिकोडमध्ये आणणे आणि शीर्षके लोकांच्या बोलीत लिहिणे या साध्या गोष्टींनीही मोठा फरक पडतो. देवनागरी आणि रोमन या दोन्ही लिप्या आणि मराठी व इंग्रजी या दोन्ही भाषा येणारा विद्यार्थी इथे खरोखर उपयोगी ठरतो.

आकड्यांच्या बाजूची दोन मुख्य साधने फुकट आहेत. साइट गूगलवर किती वेळा दिसली, कोणत्या शब्दांना दिसली आणि किती जणांनी क्लिक केले, हे सर्च कन्सोल सांगते. माणूस साइटवर आल्यानंतरची हकिगत गूगल ॲनालिटिक्समध्ये कळते. समजा, रत्नागिरीचा एक बागायतदार स्वतःच्या साइटवरून हापूसच्या पेट्या विकतो. मार्चमध्ये ‘हापूस पेटी भाव’ या शोधातून पुष्कळ लोक येतात, पेटी निवडतात आणि शेवटच्या पानावरून निघून जातात. नवखा माणूस म्हणेल, आणखी लोक आणू. जाणकार ते शेवटचे पान उघडून पाहतो. कुरिअरचा खर्च तिथेच पहिल्यांदा दिसत असेल, तर तो आधी भावाशेजारी लिहायला सांगतो आणि पुढच्या पंधरवड्यात ऑर्डरींचे प्रमाण बदलते का, ते पाहतो. आकडा दाखवण्याबरोबर त्यामागचे कारण शोधता आले, तरच या पेशात किंमत येते.

साधनांचे बारकावेही माहीत असावे लागतात. सर्च कन्सोल सोळा महिन्यांची नोंद ठेवते, त्यामुळे यंदाच्या आंबा हंगामाची गेल्या हंगामाशी तुलना करता येते. ॲनालिटिक्समध्ये मात्र बारीक विश्लेषणासाठीची माहिती मूळ सेटिंगनुसार दोनच महिने राहते. ती मुदत फुकट आवृत्तीत चौदा महिन्यांपर्यंत वाढवता येते, पण वेळीच ती वाढवली नाही तर गेलेला तपशील परत मिळत नाही. ज्यांच्या नोंदी ठेवायच्या, त्यांची संमती आणि खासगीपणा यांचेही भान हवे. भारताचा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ चा आहे, आणि युरोपातले ग्राहक असतील तर तिथला २०१८ पासून लागू असलेला नियमही पाहावा लागतो.

पालकांची सर्वांत मोठी चिंता क्लासच्या फीची असते आणि ती रास्त आहे. क्लास पारखण्याच्या काही सोप्या खुणा आहेत. ‘कीवर्ड मेटा टॅग’ रँकिंगसाठी महत्त्वाचा म्हणून शिकवला जात असेल, तर तो अभ्यासक्रम फार जुना आहे. क्रम लावताना हा टॅग वापरत नसल्याचे गूगलने २००९ मध्येच जाहीर केले होते. ॲनालिटिक्सची जुनी आवृत्ती १ जुलै २०२३ पासून नव्या नोंदी घेत नाही, त्यामुळे शिकवायची ती नवी आवृत्ती, म्हणजे जीए फोर. ‘पहिल्या क्रमांकाची हमी’ देणाऱ्यापासून तर दूरच राहावे. अशी हमी कोणीही देऊ शकत नाही, असे गूगलच सांगते, आणि सुधारणांचे फळ दिसायला बहुतेक वेळा चार महिने ते एक वर्ष लागते असेही. ‘शंभर टक्के प्लेसमेंट’ म्हणणाऱ्यांकडे आधीच्या विद्यार्थ्यांशी बोलू द्या, असा आग्रह धरावा. गूगलचे स्वतःचे मार्गदर्शन आणि त्याच्याच ‘स्किलशॉप’ या प्रशिक्षणाच्या साइटवरचे ॲनालिटिक्सचे प्रमाणपत्र फुकट आहेत. प्रारंभ तिथून करून, आवड टिकते असे दिसल्यावरच पैसे भरावेत.

एआयमुळे हे काम संपेल का? शोधाच्या निकालांवरच तयार उत्तर देणारी गूगलची सोय भारतात ऑगस्ट २०२४ मध्ये आली. उत्तर तिथेच मिळाले की अनेकांना पुढे क्लिक करण्याची गरज वाटत नाही. इकडूनतिकडून गोळा केलेली माहिती नव्याने लिहून क्लिक मिळवणाऱ्या पानांचे दिवस त्यामुळे कठीण आहेत, आणि तेवढेच काम येणाऱ्या माणसाचेही. बागेत उभे राहून घेतलेला फोटो, स्वतः करून पाहिलेली फवारणी, आजचा खरा भाव ही सामग्री मात्र एआयला कुठूनतरी घ्यावीच लागते. ती मिळवणारा, नीट मांडणारा आणि तिच्यामुळे विक्री वाढली का हे मोजणारा माणूस लागणारच आहे.

सुरुवात बहुधा एजन्सीतल्या इंटर्नशिपने होते. तिथे एकाच वेळी अनेक ग्राहकांचे काम पाहायला मिळते, दमछाकही होते. दोन-तीन वर्षांनी कोणी एखाद्या कंपनीच्या स्वतःच्या विभागात जातात, कोणी ॲनालिस्ट होतात, कोणी घरून स्वतंत्रपणे काम घेतात. त्याआधी कॉलेजातच एक साइट चालवून पाहावी: गावच्या यात्रेची, आजीच्या पाककृतींची, मामाच्या रोपवाटिकेची. डोमेनचा वर्षाचा खर्च क्लासच्या फीपुढे किरकोळ असतो. मुलाखतीला जाताना त्या साइटचा सर्च कन्सोलमधला आलेख न्यावा आणि कोणत्या तारखेला काय बदलले, त्यानंतर काय वाढले आणि काय वाढलेच नाही, हे त्यावर बोट ठेवून सांगता यावे.