तिसऱ्या प्रकरणाबद्दल

पुणे, नोव्हेंबरअखेर

चि. मनूस अनेक आशीर्वाद.

पार्ल्याच्या मावशीचा नातू परवा घरी येऊन गेला. चहा घेता घेता सहज बोलला, की केंब्रिजला तुला भेटायला आला होता. तू दार उघडायला बराच वेळ लावलास, भर दुपारी खोलीचे पडदे ओढलेले होते आणि टेबलावर ब्रेडचा अर्धा पुडा होता, बाकी खाण्याचं काही दिसलं नाही. तिसऱ्या प्रकरणातली मुख्य सिद्धता फुटली आहे आणि तेव्हापासून तू गाइडकडे फिरकलेली नाहीस, हेही त्याच्या तोंडून निघून गेलं. तुझ्या आईच्या कानावर मी यातलं काही घातलेलं नाही. पण त्या रात्रीपासून माझा डोळ्याला डोळा लागलेला नाही.

सिद्धता फुटली याचं मला काही वाटलं नाही, मनू. विद्यापीठात जन्म काढलेल्या माणसाला त्याचं नवल नसतं. दार उघडायला वेळ लावलास, हे मात्र लागलं. लहानपणी ओट्यावर खडूनं वर्तुळं काढायचीस आणि कुठे अडलं की वामकुक्षीतून मला हलवून उठवायचीस. आजी ओरडायची, तरी उठवायचीस. ती मुलगी इतके दिवस गप्प कशी?

आता रागावतो आहे, ते ऐकून घे. फोनवर आईला ‘सगळं ठीक आहे’ म्हणायचं आणि आतल्या आत कुढायचं, हे आपल्या घराण्याचं जुनं दुखणं आहे. आजीनं छातीतली कळ कुणाला सांगितली नाही, त्याचं पुढे काय झालं ते तू डोळ्यांनी पाहिलंस. तरी तू तेच करतेस. गाइड तुला परीक्षा घ्यायला दिलेला नाही, सोबतीला दिला आहे. त्याच्यापुढे फक्त निर्दोष पानं घेऊन जायची हे तुला कुणी शिकवलं? मी तर नाही.

तुझा विषय ग्राफ थिअरी, त्यामुळे केम्प तुला माहीत आहेच. पण त्या माणसाकडे तू नीट पाहिलं आहेस असं वाटत नाही. शेजारी-शेजारी एकच रंग न येता कुठलाही नकाशा रंगवायला चार रंग पुरतात, याची सिद्धता त्यानं वकिलीचा पेशा सांभाळून 1879 साली छापली. अकरा वर्षं ती सगळ्यांनी मानली. 1890 मध्ये हीवूडनं नेमकी जागा दाखवली. पाच शेजारी असलेल्या बिंदूपाशी केम्प दोन साखळ्यांमधल्या रंगांची एकदम अदलाबदल करतो. एकेक अदलाबदल निर्दोष आहे, पण दोन्ही एकदम केल्या की कधीकधी शेजारच्या दोन बिंदूंना एकच रंग येतो. एवढीशी फट, आणि सगळी सिद्धता गेली. तेव्हा केम्पनं स्वतः लंडन मॅथेमॅटिकल सोसायटीला सांगितलं, की चूक आहे आणि ती मला दुरुस्त करता आलेली नाही. त्याच्याच युक्तीतून हीवूडनं पाच रंग नक्की पुरतात हे सिद्ध केलं होतं. पुढे 1976 साली ॲपेल आणि हाकेन यांनी संगणकाच्या मदतीनं चार रंगांचा निकाल लावला, त्यातही केम्पच्या साखळ्या आहेतच. केम्पची ती चुकलेली सिद्धता खणातच पडून राहिली असती तर यातलं काय झालं असतं, याचा विचार कर. वाइल्सचं सांगत नाही, ते तुला पाठ आहे. तोही 1993 साली तुझ्याच गावात सिद्धता जाहीर करून बसला होता, आणि भगदाड बुजेना तेव्हा त्यानं रिचर्ड टेलरला सोबत घेतलं होतं.

माझ्या संशोधनाच्या दिवसांत शेजारच्या खोलीत एक मित्र होता. माझ्यापेक्षा कितीतरी तल्लख. त्याची सिद्धता अशीच एका पावसाळ्यात फुटली. तो मेसला यायचा बंद झाला. रात्री दाराखालून उजेड दिसायचा. विचारावं की नाही, त्याला अपमान वाटेल का, या संकोचात मी त्या दारावरून जात-येत राहिलो. दिवाळीच्या सुट्टीत तो गावी गेला तो परतलाच नाही, तिकडेच कचेरीत चिकटला. पुष्कळ वर्षांनी त्याची वही माझ्या हाती आली. शेवट चुकला होता, पण मधला एक लेमा शंभर टक्के खरा होता, देखणा होता. तोवर तो दुसऱ्याच कुणीतरी छापला होता. वही मिटताना मला लेमाचं वाईट वाटलं नाही, त्या दाराखालच्या उजेडाचं वाटलं. तू दार उघडायला वेळ लावलास हे ऐकलं आणि तोच उजेड पुन्हा डोळ्यांपुढे आला, म्हणून एवढं लिहितो आहे.

रामानुजन तुझ्याच गावात आले ते 1914 साली. हार्डींसारखा माणूस रोज भेटत होता, तरी थंडीत ते अंगात ओव्हरकोट घालून, वर शाल गुंडाळून झोपायचे. महालनोबिस तेव्हा तिथेच शिकत होते. एकदा ते खोलीवर गेले आणि पाहतात तो पलंगावर ब्लँकेटं व्यवस्थित खोचलेली होती! ती उलगडून आत शिरायचं असतं, हे रामानुजनना कुणी सांगितलं नव्हतं आणि त्यांनी कुणाला विचारलं नव्हतं. पुढे 1917 साली ते आजारी पडले. स्वतःच्या हातचा स्वयंपाक, तोही कधी केला कधी नाही. हे सगळं मी वर्गात वर्षानुवर्षं सांगत आलो. आता सांगताना डोळ्यांपुढे तुझं टेबल येतं.

काय खातेस गं? खरं सांग. आमटी-भात लावायला किती वेळ लागतो? एका वेळी जास्त करून ठेव. मेतकूट आणि थालीपिठाची भाजणी पाठवतो आहे. भाजणी तुझ्या मामीनं कालच भाजली, मी जवळ बसून होतो.

मघाशी जास्त बोललो. मनाला लावून घेऊ नकोस. तू हुशार आहेस म्हणून तू मला प्रिय आहेस, असा तुझा समज कधी झाला असेल तर तो काढून टाक. थीसिस पूर्ण होवो न होवो, तू आमची मनूच आहेस.

तिसऱ्या प्रकरणाच्या पानांचे फोटो काढून पाठव, खाडाखोड असेल तशी. मला तुझ्या विषयातलं सगळं कळणार नाही, पण फट नेमकी कुठे आहे ते तू मला समजावून सांगू शकशील. मोतीबिंदू काढल्यापासून बारीक अक्षरही दिसतं. मी दुपारी झोपत नाही हल्ली, तुझ्याकडच्या सकाळी केव्हाही फोन कर. मग तीच पानं घेऊन गाइडकडे जा.

तुझा
भाऊआजोबा

ता. क. मध्येच घरी यावंसं वाटलं तर कुणाला विचारत बसू नकोस. तिकिटाचे पैसे तुझ्या खात्यावर आजच भरले आहेत. यायचं नसलं तर जाड कोट घे.