काळ्या पाषाणातील निळे रत्न

हिंगोली जिल्ह्यातील शिरड शहापूरच्या परिसरात विहीर खणू लागले, की काळ्या मातीखाली काळा कातळ लागतो. विहीर खणणाऱ्यास तो अडथळा वाटतो, तर गवंड्यास घराच्या पायाचा दगड. वस्तुतः हा कातळ म्हणजे गोठलेला अग्निरस होय. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूगर्भातून तप्त लाव्हा बाहेर आला आणि त्याच्या थरांवर थर साचून महाराष्ट्राचा बहुतेक प्रदेश व्यापला गेला.

अग्निरसाबरोबर वायूही वर येतात. जागृत ज्वालामुखीच्या फटींतून असे उष्ण वायू निसटतात आणि फटींच्या तोंडाशी ते निवताना अतिदुर्मिळ खनिजे तयार होतात. रशियातील तोलबाचिक हा ज्वालामुखी अशा खनिजांविषयी प्रसिद्ध आहे. महाराष्ट्रातील अग्निरस मात्र केव्हाच थंडावला. तो थिजत असताना वायूचे असंख्य बुडबुडे आतच अडकले आणि कातळात पोकळ्या राहिल्या. पुढे खडकातून झिरपणाऱ्या उष्ण पाण्याने विरघळवून आणलेली द्रव्ये त्या पोकळ्यांत साठत गेली व कणाकणाने स्फटिक वाढले.

पुण्याजवळील वाघोलीच्या दगडखाणींत अशा पोकळ्यांमधून कॅव्हन्साइट हे दुर्मिळ खनिज मिळाले. शुभ्र स्टिल्बाइटच्या स्फटिकांवर त्याचे गडद निळे गोलक फुलांसारखे शोभतात. कॅल्शियम, व्हॅनेडियम आणि सिलिकॉन या तीन मूलद्रव्यांच्या नावांवरून त्याचे नाव पडले. त्याची निळाई व्हॅनेडियमची देणगी आहे. अमेरिकेतील ओरेगॉन राज्यात आढळलेल्या या खनिजाचे शास्त्रीय वर्णन १९७३ साली प्रसिद्ध झाले. परंतु त्याचे सर्वांत देखणे नमुने जगाला वाघोलीनेच दिले.

या खाणी रत्नांसाठी नव्हे, तर खडीसाठी खोदल्या गेल्या. सुरुंगाने फुटलेला दगड यंत्रात पडला, की त्यातील स्फटिकांचाही चुरा होतो. निसर्गाने अतिशय संथपणे घडविलेली वस्तू क्षणात नाहीशी होते आणि तिचा नाश झाला हेही कोणास कळत नाही. जे नमुने वाचले, ते दगड फोडता फोडता कोणीतरी थांबून निरखून पाहिले म्हणूनच वाचले.

शिरड शहापूरचा कातळ वाघोलीच्या कातळाचाच भाऊबंद आहे. प्रत्येक पोकळीत निळे रत्न नसते, हे खरे. पण पोकळीत डोकावल्यावाचून ते कोणासच सापडत नाही. पायाखालच्या दगडाकडे जिज्ञासेने पाहणे, हीच शास्त्राची पहिली पायरी होय.