जीपचे पाटे

टांगा पाहिला आहे ना? त्याच्या बैठकीखाली, आसाच्या जवळ, लोखंडी पट्ट्यांची एक कमान असते. एकावर एक पट्ट्या, खालची आखूड, वरची लांब. चाक दगडावर चढले की ही कमान दबते आणि बसणाऱ्याची कंबर वाचते. टांगे आता फार उरले नाहीत. पट्ट्या मात्र आहेत. त्या ट्रकखाली आहेत, जुन्या जीपखाली आहेत. गॅरेजात त्यांना पाटे म्हणतात.

जीप मूळची लढाईवरची गाडी. १९४१ सालापासून अमेरिकेत टोलिडो शहरातल्या विलीज कारखान्यात ती तयार होऊ लागली. १९४७ साली महिंद्र कंपनीने तिचे सुटे भाग मुंबईत आणून जोडायला सुरुवात केली. पुढे ती इथेच बनू लागली आणि खेडोपाडी पोहोचली. शेतावर, धरणाच्या कामावर, घाटातल्या वडापवर, सगळीकडे तीच. अशा जुन्या जीपा आजही कोणी कोणी जिवापाड सांभाळतात. त्यांचे इंजिन सांभाळतात, रंग सांभाळतात. पाट्यांकडे मात्र कोणी वाकून बघत नाही.

आम्ही एकदा अशाच गाडीतून कुंभार्ली घाट उतरत होतो. बाजारचा दिवस होता. गाडीत माणसे किती होती ते सांगत नाही, परवान्यावर लिहिलेल्या आकड्यापेक्षा पुष्कळ जास्त होती. एका वळणावर ड्रायव्हरने ब्रेक दाबला आणि गाडी एकदम डावीकडे ओढली गेली. त्याने चाक उजवीकडे वळवले, तरी गाडी डावीकडेच. नशीब की त्या वळणावर डाव्या हाताला डोंगर होता, दरी नव्हती. गाडी गटारात टेकली आणि थांबली. कोणाला लागले नाही. एका आजीबाईंची अंडी तेवढी फुटली.

खाली वाकून पाहिले तर पुढच्या डाव्या बाजूचा मुख्य पाटा मागच्या टोकाजवळ तुटला होता. तुटला त्या जागी जुने वेल्डिंग दिसत होते. कोणीतरी चार पैसे वाचवले होते.

आता एवढ्याशा पट्टीने एवढी मोठी गाडी कशी ओढली गेली, ते समजून घेऊ.

पाट्याकडे दोन कामे असतात. एक काम सर्वांना माहीत आहे, धक्का खाण्याचे. दुसरे काम माहीत नसते. जीपचा ॲक्सल, म्हणजे चाकांचा आस, गाडीला फक्त पाट्यांनीच बांधलेला असतो. तो पुढे सरकू नये, मागे सरकू नये, तिरका होऊ नये, हे पाटेच बघतात. ब्रेक दाबला की चाक मागे राहू पाहते. पाटा त्याला धरून ठेवतो. मुख्य पाटा तुटला की धरणारे कोणी राहत नाही. ॲक्सलचे ते टोक मागे जाते, आणि गाडी त्या बाजूला वळते. आमचे तेच झाले.

पट्ट्या इतक्या कशाला, एकच जाड का नाही? हाताएवढ्या जाड लाकडाला वाकवून बघा. वाकणार नाही, फार जोर केला तर मोडेल. तेवढ्याच जाडीच्या दहा बांबूच्या कांबी एकत्र धरा. त्या वाकतील आणि परत सरळ होतील. पाट्याचे तसेच आहे. सर्वांत जास्त ताण मधोमध येतो, म्हणून मध्ये सगळ्या पट्ट्या असतात आणि टोकाला एकच. त्या लांब पट्टीच्या दोन्ही टोकांना डोळे वळवलेले असतात. तोच मुख्य पाटा.

आणखी एक गंमत. कमान दबली की लांब होते. दोन्ही डोळे चेसिसला घट्ट जखडले असते तर ती दबलीच नसती. म्हणून एक डोळा पक्क्या पिनेवर असतो आणि दुसरा शॅकलवर. शॅकल म्हणजे झुलती कडी. पाटा लांब झाला की ती पुढेमागे झुलते. तिच्यात ग्रीस नसेल तर ती अडकते, आणि मग नवा पाटासुद्धा दगडासारखा लागतो.

घाटातल्या त्या प्रसंगानंतर आम्ही चिपळूणच्या बाजूला एका मिस्त्रींच्या शेडमध्ये दोन दिवस बसलो. वयाने मोठे गृहस्थ. एक जुनी जीप पाटे बदलायला आली होती. मालक म्हणाला, "मिस्त्री, एका बाजूचा तुटलाय, तेवढाच बदला." मिस्त्रींनी मान हलवली. "एक बूट नवा आन् एक जुना घालून चालतोस का तू? जोडी बदलायची." बरोबर आहे. नवा पाटा उंच, जुना बसलेला. गाडी एका कुशीवर कलणार.

मग मालक म्हणाला, "निदान एकेक पट्टी जास्त टाका. ओझं पेलेल." याही गोष्टीला मिस्त्री तयार झाले नाहीत. आम्हालाही आधी मालकाचे म्हणणे पटले होते, हे कबूल करतो. पण पाटा फार ताठ केला तर धक्का पाटा खात नाही, चेसिस खाते. मग चेसिसलाच तडे जातात. ओझे जास्त असेल तर ओझे कमी करावे.

पाटे झिजले हे कसे ओळखावे? गाडी सपाट जागी रिकामी उभी करावी. चाकाच्या मध्यापासून वरच्या मडगार्डपर्यंत टेपने मोजावे. डावीकडे किती, उजवीकडे किती, ते वहीत लिहावे. फरक दिसला तर एक पाटा बसला आहे. मग त्याच बाजूच्या पुढच्या आणि मागच्या चाकाच्या मध्यांतले अंतर मोजावे. दुसऱ्या बाजूला तेच करावे. पुढची चाके सरळ ठेवून मोजले तर दोन्ही आकडे सारखे यायला हवेत. आले नाहीत तर ॲक्सल सरकला आहे. शेवटी तारेच्या ब्रशाने पाटा साफ करून बारीक बघावे. आडवी, केसासारखी, गंजाची तांबडी रेघ दिसली तर ती चीर समजावी. मधल्या बोल्टाजवळ आणि डोळ्याजवळ ती जास्त करून येते.

आणि वेल्डिंग? पाट्याचे पोलाद तापवून, बुडवून, पुन्हा बेताने तापवून मुद्दाम लवचीक केलेले असते. वेल्डिंगच्या आचेने ते पाणी उतरते. जोड वरून छान दिसतो आणि शेजारून मोडतो. तुटलेला पाटा भंगारात द्यावा.

आता काम. आदल्या रात्री मिस्त्रींनी सगळ्या नटांवर पातळ तेल सोडले. जुने नट गंजून बसलेले असतात, रात्रभर तेल मुरले की सकाळी अंगमेहनत वाचते. सकाळी त्यांनी न उचलायच्या चाकांना पुढून-मागून लाकडाचे ठोकळे लावले. आम्ही म्हणालो, "हँडब्रेक ओढलाय की." ते हसले. "ह्या गाडीचा हँडब्रेक चाकाला नाय. तो मधल्या दांड्याला हाय. मागचं एक चाक उचललंत की गाडी सुटली." हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. विलीज बांधणीच्या जुन्या जीपचा हँडब्रेक गिअरच्या पेटीमागे, मागच्या चाकांकडे जाणाऱ्या दांड्यावर असतो. मागचे एक चाक अधांतरी झाले की ते मोकळे फिरते आणि गाडी घरंगळू शकते. ठोकळे हवेतच.

मग जॅकने गाडी उचलून चेसिसखाली दोन भक्कम घोड्या लावल्या. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली कधीही जाऊ नये. विटा तर नकोतच, वीट न सांगता फुटते. दुसरा जॅक ॲक्सलखाली लावून त्याचे वजन बेताने पेलले. चाके काढली. शॉकॲब्सॉर्बरचे खालचे टोक सोडले. ब्रेकची रबरी नळी ताणली जात नाही ना, ते पाहिले. ॲक्सल त्या नळीवर लोंबकळला तर नळी आतून फाटते, आणि ते बाहेरून दिसत नाही.

या जीपला पाटे ॲक्सलच्या खाली असतात. ॲक्सलवरून दोन यू-बोल्ट खाली येतात आणि खालच्या पत्र्याच्या प्लेटमधून नटांनी आवळलेले असतात. मिस्त्रींनी चारही नट काढले, प्लेट उतरवली, मग शॅकल आणि पिन सोडली. इथे एक जागा फसवी आहे. जुन्या जीपच्या काही शॅकलना आट्यांचे बूश असतात, आणि त्यांतल्या काहींचे आटे उलटे असतात. उलट्या आट्यांच्या बुशाच्या सहा बाजूंच्या डोक्याभोवती एक खाच असते. ती न बघता जोर लावला तर सैल होण्याऐवजी घट्ट होते आणि शेवटी पाना घसरून बोटे फुटतात. मिस्त्रींचे एक बोट वाकडे आहे. कशाने, ते आम्ही विचारले नाही.

काढलेली प्रत्येक वस्तू ते फळीवर ठेवत आणि खडूने खूण करत: "डा. पु.", "उ. पु.". डावा पुढचा, उजवा पुढचा. पूर्वी ते सगळे डोक्यात ठेवत. अक्षरे त्यांनी पन्नाशीत गिरवली. "डोकं हाय, पण सांजच्याला त्यातलं निम्मं गळतं. फळीवरचं गळत नाय," असे ते म्हणाले.

नवा पाटा आणि जुना पाटा शेजारी ठेवून मोजले. रुंदी, पट्ट्यांची संख्या, डोळ्याचा व्यास. मधल्या बोल्टापासून दोन्ही टोके वेगवेगळी मोजली, कारण तो बोल्ट बरोबर मध्यावर असतोच असे नाही. पाटा उलटा बसला तर ॲक्सल जागेवर येत नाही. पाकिटावरचा क्रमांकही वाचून घेतला. दुकानदार देईल तो माल डोळे मिटून घेऊ नये.

बसवताना मधल्या बोल्टाचे गोल डोके ॲक्सलच्या बैठकीतल्या भोकात नीट बसले पाहिजे. तेच ॲक्सलची जागा ठरवते. नीट बसल्याशिवाय नट आवळले तर डोके चेपते. यू-बोल्ट मिस्त्रींनी नवे घातले, जुने एकदा ताणले गेलेले असतात. नट एकदम पुरे आवळले नाहीत. एक थोडा, मग कोपऱ्यातला समोरचा थोडा, असे फिरत फिरत चारही सारखे आणले. शेवटचा जोर टॉर्क पान्याने, गाडीच्या पुस्तकात दिला असेल तेवढा. बूश रबरी असतील तर पिना आणि शॅकल गाडी चाकांवर उभी राहिल्यावरच पक्के करावे. अधांतरी आवळले तर रबर पिळून राहते आणि लवकर फाटते. या गाडीचे बूश आट्यांचे होते, म्हणून ग्रीसगनने जुने काळे ग्रीस बाहेर पडून नवे दिसेपर्यंत ग्रीस भरले.

दुपारी चार वाजता गाडी खाली उतरवली. पुन्हा टेप लावला. डावीकडे आणि उजवीकडे आकडा सारखा आला. मिस्त्रींनी तो वहीत लिहिला, खाली तारीख घातली. मालकाने गाडी रस्त्यावर नेऊन दोनचार वेळा ब्रेक दाबून पाहिला. गाडी सरळ थांबली. पैसे देताना तो थोडा कुरकुरला, जोडीचे पैसे जास्त झाले होते.

"आठ दिसांनी परत ये," मिस्त्री त्याला म्हणाले. "नवा पाटा दबून जागेवर बसतो, तवा यू-बोल्ट ढिले पडत्यात. पुन्हा आवळाया लागतील. त्याचे पैसे नाय घेत."

आठव्या दिवशी तो आला. चारांपैकी तीन नट पाव फेरा फिरले.