तांब्याभर पाणी

वाटेत पडलेल्या माणसाच्या ओठांना आधी पाणी लावावे, हा संस्कार आम्हा वऱ्हाडातील माणसांच्या अंगी इतका मुरलेला आहे की, ज्या पाण्याने तहानलेल्याचा जीव वाचतो तेच पाणी शुद्ध हरपलेल्याच्या जिवावर बेतू शकते, ही गोष्ट पन्नाशी उलटेपर्यंत माझ्या ध्यानीमनी आली नाही.

मी बुलढाणा जिल्ह्यात तलाठी होतो. जुनी माणसे पटवारीच म्हणत. सन 2006 च्या वैशाखातील एका दुपारी मोताळ्याच्या तहसिलीत वसुलीचे दप्तर दाखल करून मी बुलढाण्याकडे परतत असता, राजूर घाटाच्या पायथ्याशी माझ्या शेजाऱ्याचा विशी-बाविशीतला मुलगा मोटारसायकलवरून फेकला जाऊन रस्त्याच्या कडेला उताणा पडलेला दिसला. डोळे अर्धवट उघडे होते आणि घशातून घरघर येत होती. भोवती जमलेल्या पाच-सहा जणांपैकी कोणीतरी जवळच्या झोपडीतून तांब्या आणला, आणि त्या मुलाला लहानपणापासून अंगाखांद्यावर खेळविलेले असल्यामुळे तो मान मी माझाच समजून, त्याचे डोके मांडीवर घेऊन, त्याच्या मुखात पाणी घातले. घरघर वाढली, तो पाणी गिळतो आहे असाच अर्थ मी त्या वेळी घेतला. मग दोघांनी हात व दोघांनी पाय धरून त्याला उचलले आणि मिळेल त्या जीपमध्ये बसता केला. घाटाच्या प्रत्येक वळणावर त्याची मान एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर कलंडत होती, आणि मी, "आलंच बाप्पा, आता आलंच," असे त्याच्या कानाशी म्हणत होतो. दवाखान्याच्या पायऱ्या चढण्यापूर्वीच तो गेला.

नेमके कशाने गेला हे डॉक्टरांनी सांगितले नाही. त्यांना ते सांगता येण्यासारखेही नव्हते. माझ्या ओल्या धोतराकडे पाहून ते एवढेच म्हणाले, "काका, बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालत नसतात." हे वाक्य त्यांनी मृदू स्वरात उच्चारले, म्हणूनच कदाचित ते आजतागायत माझी पाठ सोडीत नाही.

त्यामागील कारण मला पुढे प्रथमोपचाराच्या शिबिरात उमगले. जागा मनुष्य घोट गिळतो तेव्हा श्वासनलिकेचे दार आपोआप मिटते. शुद्ध हरपली की ही राखण उठते, जीभ सैल होऊन घशावर पडते, आणि पाणी, रक्त वा उलटी जे काही मुखात असेल ते फुप्फुसांत उतरू शकते. ज्या घरघरीला मी तृप्ती समजलो ती कोंडलेल्या श्वासाची होती. शिबिरात सरावासाठी जो रबरी पुतळा ठेवला होता, तशा पुतळ्यांचा आद्य निर्माता आस्मुंड लेर्दाल हा नॉर्वेतील खेळणी बनविणारा गृहस्थ. त्याचा स्वतःचा लहानगा मुलगा पाण्यात बुडता बुडता बापाच्या हातून वाचला होता, आणि 1960 मध्ये त्याने हा पुतळा सिद्ध केला, हे कळल्यावर त्या निर्जीव छातीवर हात ठेवताना मला रडू आवरले नाही.

आता जे सांगतो ते माझ्या जिल्ह्यातील प्रत्येक घरी पोचावे अशी माझी कळकळीची विनंती आहे. रस्त्यावर कोणी पडलेला दिसला तर प्रथम मागून येणारी वाहने थांबवा, नाहीतर एकाचे दोन होतील. खांद्यावर थोपटून मोठ्याने हाक मारा. ओ मिळाली नाही तर 108 ला दूरध्वनी करा, आणि "घाटाजवळ" असे मोघम न सांगता मौजे, शिवार, फाटा, किलोमीटरचा दगड सांगा. तीस वर्षे चतुःसीमा लिहिणाऱ्या माणसाचे हे सांगणे आहे, कारण ठिकाण चुकले तर गाडी पलीकडच्या शिवारात जाऊन उभी राहते. छाती हलते का हे दहा सेकंदांच्या आत पाहा. मधूनच येणारे आचके म्हणजे श्वास नव्हे. श्वास नसेल तर छातीच्या मधोमध दोन्ही तळहात एकावर एक ठेवून, मिनिटाला 100 ते 120 या गतीने, निदान पाच सेंटिमीटर खोल दाबा, प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्या, आणि थकलात तर दुसऱ्याच्या हाती सोपवा. श्वास असेल पण शुद्ध नसेल तर त्याला कुशीवर वळवा, म्हणजे मुखातील द्रव बाहेर ओघळेल. अपघातातील माणसाची मान मोडली असण्याची शक्यता असते. म्हणून एकाने डोके दोन्ही हातांत स्थिर धरावे व बाकीच्यांनी त्याच्या शब्दावर सारे शरीर एका ओंडक्यासारखे वळवावे. वाहत्या रक्तावर उपरणे घट्ट दाबून धरा आणि थांबले का हे पाहण्यासाठी ते पुन्हापुन्हा उचलू नका.

मुखासंबंधी आमच्या चुका तर किती! फिट आलेल्याच्या दातांत चमचा घालणे, नाकाशी कांदा वा पायताण धरणे, फवारणीचे औषध पोटात गेलेल्याला मिठाचे पाणी पाजून उलटी करविणे: या साऱ्यांत करणाऱ्याची माया खरी असते आणि अपाय रोग्याला होतो. सर्पदंशावर करकचून बांधलेल्या दोरीचेही तेच. अवयव मोडल्यासारखा स्थिर ठेवून सरळ दवाखाना गाठावा.

पोलिसांच्या जबान्यांचे भय मी स्वतः जाणतो. पण 2016 च्या मार्च महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने मदतकर्त्याला संरक्षण देणाऱ्या मार्गदर्शक सूचनांना बंधनकारक बळ दिले, आणि 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात 134अ हे कलम आले. सद्भावनेने मदत करणाऱ्याला त्यातून दिवाणी वा फौजदारी जबाबदारी लागू होत नाही.

महाराष्ट्रात 108 ची सेवा 2014 च्या प्रजासत्ताक दिनी सुरू झाली, त्या गाड्यांत डॉक्टर असतो, आणि तरीही गाडी येईपर्यंतची मिनिटे जवळ उभ्या असलेल्या माणसाचीच असतात. 1 जुलै 2023 रोजी सिंदखेड राजा तालुक्यात समृद्धी महामार्गावर बस जळून 25 प्रवासी गेले, तेव्हापासून हा विचार मला अधिकच छळतो. अमेरिकेतील पिट्सबर्ग शहरी 1967 मध्ये पीटर सफार या डॉक्टरांच्या मार्गदर्शनाखाली गरीब वस्तीतील बेकार कृष्णवर्णीय तरुणांना रुग्णवाहिकेवरील उपचाराचे शिक्षण देण्यात आले, आणि त्यांनी वाटेतच उपचार करण्याची नवी रीत घालून दिली. मेहकर-लोणारच्या, जळगाव जामोदच्या मुलांना ते का जमू नये? नाडी मोजणे, रक्तदाब पाहणे, प्राणवायू लावणे, मोडलेल्या हाडाला फळी बांधणे, वाटेतले बाळंतपण सांभाळणे आणि दवाखान्यात रोग्याची हकिकत नीट सुपूर्द करणे, हे शिक्षण घेण्यास आमची मुले कोणत्याही अर्थाने अपात्र नाहीत.

गेल्या मार्गशीर्षात खामगावच्या बाजारात एका बाईला फिट आली. तिच्या डोक्याखाली मी माझी टोपी सारली, भोवतालच्या पाट्या दूर केल्या, झटके थांबल्यावर तिला कुशीवर वळविले. एक म्हातारी तांब्या घेऊन धावत आली, मी तिचा हात धरून म्हटले, "माय, जरा दम धर." पाव घटकेने बाईने डोळे उघडले, स्वतःचे नाव सांगितले, उठून बसली आणि पाणी मागितले. तेव्हा तो तांब्या मी तिच्याच हाती दिला.